पडद्यावरचं वादळ आणि श्रीवर्धनचा अंधार

चक्रीवादळाची बातमी इतर बातम्यांहून वेगळी असते. अपघाताची, निकालाची, दंगलीची बातमी घटना घडून गेल्यावर येते. वादळाची बातमी मात्र वादळाच्या चार-पाच दिवस आधीच घरात शिरते. अरबी समुद्रात कुठंतरी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, हवामान खातं त्यावर नजर ठेवतं, आणि आपल्या टीव्हीवर लाल अक्षरं फिरू लागतात. बातमी ऐकणाऱ्याच्या हातात तेव्हा एक मौल्यवान गोष्ट शिल्लक असते, ती म्हणजे वेळ. या वेळेचं बातमी काय करते, हा माझ्या मते कळीचा प्रश्न आहे. ती ऐकून माणूस छपराचे पत्रे बांधतो, होडी वर ओढतो, आईची औषधं पिशवीत भरतो, की रिमोट हातात धरून त्याच त्या लाटा बघत बसतो?

या प्रश्नावर अमेरिकेत एक चांगला अभ्यास झाला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ नावाचं प्रचंड वादळ फ्लोरिडाकडे येत होतं. साठ लाखांहून अधिक लोकांना घरं सोडण्याच्या सूचना होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी वादळ किनाऱ्यावर येण्याआधीच्या अडीच दिवसांत फ्लोरिडातल्या सोळाशेहून अधिक लोकांची पाहणी सुरू केली, आणि वादळ गेल्यावर साधारण महिन्याभरानं त्यांच्याशी पुन्हा संपर्क साधला. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वादळाच्या बातम्यांमध्ये जे जास्त वेळ बुडालेले होते, त्यांना ‘आपल्याला याचा फार मानसिक त्रास होणार’ असं आधीच वाटत होतं. आणि ज्यांना आधीच तसं वाटत होतं, त्यांची मानसिक अवस्था वादळानंतरही अधिक बिघडलेली आढळली.

यावर लगेच शंका येते की जो मुळात घाबरट आहे तोच जास्त टीव्ही बघत असेल. शंका रास्त आहे. घाबरलेला माणूस बातमी शोधतो, बातमी त्याला आणखी घाबरवते आणि तो पुन्हा बातमीकडे जातो. हे चक्र कुठून सुरू झालं ते ठरवणं अवघड आहे. पण ते कोणाच्या फायद्याचं आहे हे ठरवायला संशोधन लागत नाही. घाबरलेला प्रेक्षक चॅनेल बदलत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं. जून महिन्यात इतकं जोरदार वादळ राज्याच्या किनाऱ्यावर येण्याची ही १८९१ नंतरची पहिली वेळ, असं तेव्हा सांगितलं गेलं. या एका वाक्यातून टीव्हीनं तीन दिवसांचा खुराक काढला. ‘मुंबईवर महासंकट’, ‘मुंबईकरांनो सावधान’ अशा पट्ट्या, गेटवे ऑफ इंडियाचं चित्र, मरीन ड्राइव्हवरच्या कुठल्यातरी जुन्या पावसाळ्यातल्या लाटा आणि मागं ढोल वाजल्यासारखं संगीत. कोरोनाचे दिवस होते, लोक आधीच घरात कोंडलेले होते, आणि घरात एकच खिडकी उघडी होती, ती म्हणजे टीव्ही.

हवामान खात्याचा अंदाज काय होता, हे आज पुन्हा वाचण्यासारखं आहे. वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळपास किनारा ओलांडेल, असं खातं सांगत होतं. अंदाजात सर्वांत आधी नाव होतं हरिहरेश्वरचं, म्हणजे श्रीवर्धन तालुक्याचं. अलिबागही रायगडचंच. अंदाज जवळजवळ तंतोतंत ठरला. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारे ताशी शंभर किलोमीटरहून वेगानं वाहत होते. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, पलीकडे मंडणगड, दापोली इथल्या वाड्या आडव्या झाल्या. मुंबईत झाडं पडली, विमानतळ काही तास बंद राहिला आणि संध्याकाळपर्यंत ‘मुंबई बचावली’ असा सुस्कारा पडद्यावर आला. त्या सुस्काऱ्याबरोबर वादळाची बातमीही संपली.

मुंबईची काळजी करू नये, असं मला म्हणायचं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या कोविड केंद्रातून रुग्ण आधीच हलवले, ते योग्यच झालं. एवढ्या दाट वस्तीच्या शहरावर वादळ किंचित जरी सरकलं असतं, तरी अनर्थ झाला असता. पण मुंबईची काळजी करताना रायगडचं नाव गिळून टाकायची गरज नव्हती. ज्या भीतीचा मुंबईकराला उपयोग नव्हता ती त्याला पोटभर मिळाली, आणि ज्या माहितीची श्रीवर्धनच्या माणसाला गरज होती ती त्याला चिमूटभर मिळाली.

यात एक शास्त्रीय बारकावा आहे, तो चॅनेलनं शाळेतल्या मुलालाही समजेल असा सांगता आला असता. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. म्हणून वादळ ज्या दिशेनं चाललेलं असतं, तिच्या उजव्या हाताला वाऱ्याचा जोर सहसा जास्त असतो. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, म्हणजे त्याची उजवी बाजू दक्षिणेकडच्या गावांवर येत होती. ‘वादळ अलिबागजवळ धडकणार’ असं ऐकून दापोलीचा माणूस निर्धास्त झाला असेल, तर दोष त्याचा नाही. नकाशावरची रेघ म्हणजे वादळ, असंच त्याला दाखवलं गेलं. खरं तर ती रेघ फक्त केंद्राचा अंदाजे मार्ग असते. तिच्या दोन्ही बाजूंना पसरत जाणारा शंकूसारखा पट्टा असतो, आणि केंद्र त्यात कुठंही सरकू शकतं. इर्माच्या वेळीही हेच झालं. आधी सगळी भीती मायामीवर एकवटली, मग मार्ग पश्चिमेकडे सरकला. मायामीकडून पळून पश्चिम किनाऱ्याला गेलेल्यांना तिथं वादळ समोरून येताना दिसलं.

माझी खाला श्रीवर्धन तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. तिचे दोन्ही मुलगे कुवेतला. आपल्या कोकणातल्या कित्येक मुस्लीम घरांची हीच रचना आहे. घर इथं, कमावते हात आखातात आणि मधे व्हॉट्सअ‍ॅप. त्या दिवशी दुपारी वारा सुरू झाला आणि तासाभरात मोबाइलचे टॉवर गेले, विजेचे खांब पडले. खालाच्या घरची कौलं उडाली तेव्हा तिनं नातवंडांना घेऊन पलंगाखाली आसरा घेतला. वारा थांबल्यावर शेजाऱ्यांनी ताडपत्री आणली आणि संध्याकाळी चूल पेटली. ती सांगते, “भीती वाटायला वेळच कुठं होता? एकाला धरलं की दुसरा रडायचा.” तिचा मोठा मुलगा मात्र कुवेतमध्ये फोनवर मराठी चॅनेल लावून बसला होता. पडद्यावर मुंबई, मुंबई आणि मुंबई. गावाचं नाव नाही, तालुक्याचं नाव नाही, फोन लागत नाही. पाचव्या दिवशी गावातला एक मुलगा मोटारसायकलनं माणगावच्या बाजूला रेंज शोधत गेला आणि तिथून त्यानं वीस-पंचवीस घरांची खुशाली कळवली. ते पाच दिवस या मुलानं कसे काढले, ते तो आजही नीट सांगू शकत नाही.

वादळ आईनं सोसलं आणि चिंता मुलानं. म्हणून टीव्हीच्या परिणामाचा विचार करताना फक्त किनाऱ्यावरच्या माणसाकडे बघून चालणार नाही. दूर बसलेल्याच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं. त्याच्याकडे उरतं फक्त बघणं. आणि बघायला मिळतं ते त्याच्या गावाचं नसतं.

इथं कुणी म्हणेल, मग इशारेच नकोत का? मी उलट म्हणतो. इशारा मिळाला नाही की काय होतं, हे कोकणाला ठाऊक आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आलं तेव्हा कित्येक नौका समुद्रात होत्या. पावसाळा संपला म्हणून मच्छीमार निश्चिंत होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांतली माणसं परत आली नाहीत. ओडिशाचं उदाहरण तर साऱ्या देशासमोर आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर ओडिशानं निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, इशारा शेवटच्या घरापर्यंत नेण्याची सवय लावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि बळींची संख्या काही डझनांवर राहिली. २०१९ च्या ‘फनी’च्या वेळी हलवलेल्यांची संख्या बारा लाखांच्या पुढं गेली. भीती तिथंही होतीच. पण त्या भीतीला जायला जागा होती. निवारा कुठं, किती वाजता निघायचं, गुरांचं काय करायचं, हे लोकांना माहीत होतं.

भीती आणि चिंता यांत मी असा फरक करतो. भीतीला पत्ता असतो, ती माणसाला उठवते आणि कामाला लावते. चिंतेला पत्ता नसतो, ती माणसाला बसवून ठेवते. चांगली बातमी भीतीला पत्ता देते. आपली चॅनेल बहुतेक वेळा तो पत्ता पुसून टाकतात.

हे कसं केलं जातं, ते प्रेक्षकानं ओळखायला शिकलं पाहिजे. पहिली युक्ती पुनरावृत्तीची. हवामान खातं वादळ जवळ आल्यावर साधारण दर तीन तासांनी नवी माहिती देतं, अगदी किनाऱ्याशी आलं की दर तासाला. मधल्या वेळात नवीन असं काहीच नसतं. पण चॅनेलला चोवीस तास भरायचे असतात, म्हणून तीच माहिती ‘ब्रेकिंग’ म्हणून वीस वेळा येते. ऐकणाऱ्याच्या मेंदूला वाटतं की वीस वेळा काहीतरी वाईट घडलं. दुसरी युक्ती जुन्या चित्रांची. दुसऱ्या वर्षाच्या, दुसऱ्या देशाच्या लाटा दाखवायच्या आणि कोपऱ्यात तारीख लिहायची नाही. तिसरी युक्ती नाटकाची. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ गुजरातच्या जखाऊ बंदराकडे येत असताना एका हिंदी चॅनेलची निवेदिका स्टुडिओच्या आत छत्री घेऊन डोलत होती, मागं पडद्यावर वादळ. देश हसला. अमेरिकाही या रोगातून सुटलेली नाही. २०१८ मध्ये ‘फ्लॉरेन्स’ वादळाच्या वेळी एक वार्ताहर वाऱ्यात कसाबसा तोल सावरत बोलत होता आणि त्याच्या मागून दोन माणसं आरामात चालत गेली. तो ओल्या गवतावर उभा होता, असा खुलासा नंतर चॅनेलनं केला. खुलासा खरा असेलही. लोकांच्या लक्षात मात्र ती चालणारी माणसं राहिली.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. अशा प्रत्येक नाटकाची किंमत पुढच्या वादळात मोजावी लागते. चार वेळा छातीत धडधड झाली आणि काहीच घडलं नाही की पाचव्या वेळी माणूस म्हणतो, “हे लोक असंच ओरडतात.” मग खरा लाल इशाराही त्याला त्याच गोंगाटाचा भाग वाटतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कोळ्याला त्याचा अर्थ कळतो, कारण बावटा उगाच लागत नाही. टीव्हीचा बावटा बारा महिने फडकत असतो.

विश्वासाचा आणखी एक पदर आहे, आणि या ब्लॉगवर तो टाळता येणार नाही. निसर्गच्या दोनच महिने आधी, एप्रिल २०२० मध्ये, अनेक चॅनेलनी कोरोनाच्या साथीचा दोष एका समाजाच्या माथी मारला होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलीगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांच्या त्या प्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पण ते ऑगस्टमध्ये. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत बातम्यांचे चॅनेल बंदच होते. ज्यानं एप्रिलमध्ये आपल्याविषयी खोटं सांगितलं, त्याचं जूनमध्ये वादळाबद्दल का ऐकावं? हा सवाल चुकीचा म्हणता येत नाही, पण त्याचा परिणाम जिवावर बेतू शकतो. विश्वासार्हता ही किनाऱ्यावरच्या निवाऱ्याइतकीच सार्वजनिक मालमत्ता आहे. ती एकदा पाडली की वादळाच्या दिवशी अचानक उभी करता येत नाही. त्या वेळी आमच्या पट्ट्यात काम केलं ते ओळखीच्या आवाजांनी. तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, मशिदीच्या लाउडस्पीकरवरून आणि देवळाच्या पारावरून झालेली दवंडी. लोकांनी ऐकलं, कारण सांगणारा उद्याही त्याच गावात राहणार होता.

मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ आठवा. त्याही वेळी पडद्यावर मुंबईचा वारा आणि पाऊस होता. त्याच सुमारास मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसं होती. तराफा बुडाला. तो आणि ‘वरप्रदा’ हा टग मिळून सत्तरहून अधिक माणसं गेली. वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून दिले जात होते. माझा प्रश्न पत्रकारितेला आहे. इशारा आल्यापासून ‘समुद्रात अजून कोण आहे, आणि ते का परतले नाहीत?’ हा प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ विचारला गेला असता तर? पावसात भिजणाऱ्या वार्ताहराचं चित्र मिळवणं सोपं असतं. असा प्रश्न लावून धरायला फोन करावे लागतात, याद्या मागाव्या लागतात, उत्तर न देणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं. पण लोकांची चिंता याच कामानं कमी होते आणि जीवही याच कामानं वाचतात.

मग काय करावं? चॅनेलकडून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. तालुक्याची नावं घ्या. प्रत्येक चित्रावर तारीख आणि ठिकाण लिहा. खात्याची पुढची माहिती किती वाजता येणार ते सांगा, म्हणजे माणूस तोवर टीव्ही बंद करून आपलं काम करील. नकाशावर रेघेबरोबर पट्टाही दाखवा. ‘रौद्ररूप’ हा शब्द एकदा कमी वापरा आणि त्या जागी निवाऱ्याचा पत्ता सांगा. संगीत काढून टाका.

आणि आपण काय करावं? घरातल्या एकानं बातमीवर लक्ष ठेवावं, बाकीच्यांनी पत्रे, पाणी, कागदपत्रं आणि दिवाबत्ती बघावी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि वादळ अगदी जवळ आलं की खात्याच्या प्रत्येक नव्या सूचनेला, एवढं बघणं पुरतं. सूचना थेट हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळते, त्यासाठी मधे कुणी ओरडणारा लागत नाही. सेलवर चालणारा एक रेडिओ घरात हवाच. वीज आणि टॉवर दोन्ही गेले की टीव्ही मुका होतो, आकाशवाणीचा आवाज मात्र लागू शकतो. लहान मुलांसमोर तीच चित्रं दिवसभर चालू ठेवू नयेत. आखातातल्या, पुण्या-मुंबईतल्या मुलांनी टॉवर पडायच्या आधीच ठरवून ठेवावं की फोन बंद झाला तर खुशाली कुणाकडून, कोणत्या मार्गानं येईल. गावागावातल्या जमातींनी आणि मंडळांनी एवढी यादी केली, तरी पुढच्या वेळी कुवेतमधल्या मुलाचे ते पाच दिवस दोनावर येतील.

राहता राहिली वादळानंतरची बातमी. निसर्गनंतर श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीवरचे पंप बंद, फ्रीजमधलं सडलेलं, मोबाइल चार्ज करायला जनरेटरपुढे रांग. मदत जाहीर झाली ती हेक्टरच्या हिशोबानं, आणि आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. पाच-दहा गुंठ्यांत नारळ, सुपारी, खाली केळी, कडेला आंबा-फणस, त्यावर घर चालतं. हेक्टरचा हिशोब गुंठ्यावर उतरला की हातात किती पडतं, हे सांगायला एखादा कॅमेरा महिनाभर तिथं थांबायला हवा होता. वादळाआधीच्या तीन दिवसांत जी चिंता वाटली गेली, तिच्यातली थोडी जरी वादळानंतरच्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवली असती, तर सरकारला उत्तर द्यावं लागलं असतं.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिचं रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही साधारण तसंच. २०२० च्या पावसाळ्यात ज्यांनी पडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावली, त्यांच्या वाड्या आता कुठं हाताशी येऊ लागल्या आहेत. मधल्या वर्षांत त्या घरांनी काय खाल्लं, कुणी वाडी विकली, कोणता मुलगा शिक्षण सोडून आखातात गेला, ही निसर्ग वादळाचीच बातमी आहे. ती अजून कुणी दिलेली नाही.